जंतुभक्षक आणि जुनाट संसर्ग : परळच्या प्रयोगांपासून आजपर्यंत

मुंबई बंदराच्या पूर्वेस असलेला उरण तालुक्याचा किनारा खाड्या, मिठागरे आणि खारफुटी यांनी व्यापलेला आहे. उत्तरेस न्हावा-शेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, दक्षिणेस करंजाची कोळीवस्ती आणि पाण्यापलीकडे मुंबई शहर, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. त्याच १९८९ साली नॉर्वेतील संशोधकांनी नैसर्गिक पाण्यातील व्हायरसांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेली मोजणी प्रसिद्ध केली. समुद्राच्या साध्या पाण्यातही दर मिलिलिटरमागे लक्षावधी, आणि पुष्कळदा कोट्यवधी, व्हायरस-कण असतात, व त्यांतील बहुसंख्य कण सूक्ष्मजंतूंवर वाढणारे असतात, असे त्यानंतरच्या अभ्यासांतून निश्चित झाले. उरणच्या खाडीचे पाणी या नियमास अपवाद असण्याचे कारण नाही. वस्तीचे सांडपाणी घेऊन येणारे नाले जेथे खाडीस मिळतात, तेथे तर माणसाच्या आतड्यातील जंतू आणि त्या जंतूंचे हे शत्रू असे दोघेही एकत्र सापडावयाचे. सूक्ष्मजंतूंच्या या शत्रूंना जंतुभक्षक असे नाव आहे.

जंतूंवर त्यांचेच शत्रू सोडून रोग बरा करावा, ही कल्पना नवी नाही. ती मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न हिंदुस्थानातच झाला, आणि त्याची सुरुवात उरणच्या समोरच्या किनाऱ्यावर, परळच्या हाफकिन संस्थेत झाली. त्या प्रयत्नाचा शेवट अपयशात झाला, असे सामान्यतः समजले जाते. आज प्रतिजैव औषधांना न जुमानणारे जंतू सर्वत्र वाढले आहेत. अशा जंतूंमुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंची संख्या २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लक्ष ७० हजार होती, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे तोच जुना उपाय पुन्हा पुढे येत आहे. जे एकदा टाकून दिले ते पुन्हा का उचलावयाचे, हा प्रश्न या ठिकाणी साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर जंतुभक्षकाच्या मारक शक्तीत शोधण्यापेक्षा उपचारास मिळणाऱ्या वेळेच्या हिशेबात शोधणे अधिक फलदायी ठरते.

जंतुभक्षक हे नाव काहीसे फसवे आहे. तो कशाचेही भक्षण करीत नाही. प्रथिनांच्या कवचात बंद असलेला न्यूक्लिइक अम्लाचा एक धागा, आणि बहुतेक प्रकारांत त्या कवचास जोडलेले एक शेपूट, एवढाच त्याचा संसार असतो. शेपटीच्या टोकाशी असलेले तंतू सूक्ष्मजंतूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूस जाऊन चिकटतात. हा रेणू जुळला तरच पुढील सर्व क्रिया घडते. तो न जुळल्यास जंतुभक्षक त्या जंतूच्या शेजारी कितीही काळ तरंगत राहिला तरी काही होत नाही. जुळल्यावर मात्र आतील धागा जंतूच्या शरीरात उतरतो, जंतूची सारी यंत्रणा आपल्या कामास लावतो आणि स्वतःच्या प्रती तयार करवून घेतो. आतड्यातील ई. कोलाय या जंतूवर वाढणाऱ्या टी-४ या सुप्रसिद्ध जंतुभक्षकास या कामी सुमारे २५ मिनिटे पुरतात. अखेरीस जंतूची भित्तिका आतून विरघळते, तो फुटतो, आणि शंभराहून अधिक नवे कण बाहेर पडतात. आगराच्या बशीवर जंतूंचा गढूळ थर वाढलेला असावा आणि त्यात मध्येच स्वच्छ गोल ठिपके दिसावेत, ही जंतुभक्षकाच्या अस्तित्वाची खूण होय. प्रत्येक ठिपका मुळात एका कणापासून वाढलेला असल्यामुळे ठिपके मोजले की कणांची संख्या कळते.

सर्वच जंतुभक्षक असे तडकाफडकी वागत नाहीत. काही प्रकार जंतूच्या गुणसूत्रात आपला धागा मिसळून स्वस्थ बसतात आणि जंतूच्या पिढ्यांबरोबर स्वतःही वाढत राहतात. हे सुप्त प्रकार उपचारास निरुपयोगी तर असतातच, पण क्वचित घातकही असतात. पटकीच्या जंतूस विष निर्माण करण्याची शक्ती देणारी जनुके मुळात एका जंतुभक्षकाची आहेत, असे वॉल्डर व मेकॅलॅनॉस यांनी १९९६ साली दाखवून दिले. तेव्हा रोग्याच्या अंगात सोडावयाचा जंतुभक्षक निखळ मारक आहे आणि त्याच्या धाग्यात विषाचे एकही जनुक नाही, याची खातरजमा आधी व्हावी लागते. १९३० च्या आसपास ही खातरजमा करण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते.

इतिहासाकडे वळताना १८९६ हे वर्ष प्रथम डोळ्यांसमोर येते. त्या वर्षी आग्रा येथील सरकारी जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन याने पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की, गंगा-यमुनेचे पाणी पटकीच्या जंतूंचा नाश करते आणि उकळल्यावर त्याची ही शक्ती नाहीशी होते. उत्साही लेखक याच निबंधापासून जंतुभक्षकाचा शोध मोजू लागतात, परंतु ते अतिशयोक्तीचे आहे. हॅन्किनने या शक्तीचे श्रेय एखाद्या बाष्पनशील द्रव्यास दिले होते, आणि त्याच्या नळ्यांत नेमके काय होते हे आज सांगता येण्याजोगे नाही. पुढे १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट याने जंतूंचा थर पारदर्शक होत जाण्याची घटना वर्णिली. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द हेरेल याने आमांशाच्या रोग्यांच्या शौचातून जंतू विरघळविणारा, गाळणीतूनही पार जाणारा घटक वेगळा केला, तो सजीव व्हायरस असल्याचे ठामपणे प्रतिपादिले आणि त्यास आजचे नाव दिले. त्याने १९१९ साली पॅरिसच्या बालरुग्णालयात आमांशाच्या रोग्यांवर त्याचा उपयोग केला. त्वचेवरील गळवांवर केलेल्या उपचारांचा ब्रुइनोग व मेझाँ यांचा बेल्जममधील वृत्तांत १९२१ सालचा आहे.

मुंबईशी द हेरेलचा संबंध आला तो प्लेगमुळे. १८९६ साली मांडवीत उद्‌भवलेल्या साथीच्या निमित्ताने वाल्डेमार हाफकिन याने मुंबईत प्रयोगशाळा थाटली. १८९९ साली ती परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ साली तिला हाफकिनचे नाव देण्यात आले. त्याच १९२५ साली द हेरेलने अलेक्झांड्रिया येथे प्लेगच्या ४ रोग्यांच्या गाठींत जंतुभक्षकाचे इंजेक्शन दिले, आणि चारही जण वाचले. या वृत्तांताने मोठी खळबळ उडाली. ब्रिटिश सरकारच्या विनंतीवरून त्याने १९२६ साली परळ येथे प्लेगवरील प्रयोग केले. संस्थेतील नायडू व आवारी यांनी प्लेगच्या जंतुभक्षक-उपचारावरील निबंध १९३२ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केला. तथापि अलेक्झांड्रियाच्या यशाची निःसंदिग्ध पुष्टी कोठेही झाली नाही. चार रोगी वाचले हे खरे. पण गाठीचा प्लेग झालेले सर्वच रोगी उपचाराविना मरत नसत, आणि चारांच्या यशावरून नियम बांधता येत नाही.

पटकीच्या बाबतीत प्रयत्न याहून व्यापक होता. द हेरेल, मेलोन व लाहिरी यांनी कलकत्ता व पंजाब येथे केलेल्या कामाचा ग्रंथ १९३० साली निघाला. पाटण्यास आशेशोव याच्या हाताखाली स्वतंत्र चौकशी-केंद्र चालले, आणि तेथे पटकीच्या जंतुभक्षकांचे अनेक प्रकार वेगळे करण्यात आले. आसामात शिलाँगच्या पाश्चर संस्थेचा लेफ्टनंट-कर्नल मॉरिसन याने तर एक अख्खा भूभाग प्रयोगास घेतला : नौगाव भागात गावोगावी जंतुभक्षकाच्या कुप्या वाटावयाच्या, हबीगंज भागात वाटावयाच्या नाहीत, आणि दोन्हींकडील मृत्यू ताडून पाहावयाचे. योजना ऐकावयास सुबक होती. परंतु दोन्ही भागांचे पाणी, वस्ती, पूर आणि साथीचे पूर्वापार चक्र वेगवेगळे होते. एखाद्या वर्षी साथ आली नाही तर ती जंतुभक्षकामुळे आली नाही, की येणारच नव्हती, याचा उलगडा होण्यास मार्ग नव्हता. कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्सच्या क्षारजलाच्या शिरांतर्गत उपचाराने पटकीचे मृत्युमान आधीच खाली आले होते. त्या उपचाराशेजारी जंतुभक्षकाची भर किती, हे वेगळे काढणे आणखी कठीण होते. ही चौकशी १९३६ साली बंद झाली. अमेरिकन वैद्यक संघाच्या सांगण्यावरून ईटन व बेन-जोन्स यांनी जगभरच्या वृत्तांतांची छाननी करून काढलेला निष्कर्षही १९३४ साली प्रतिकूल पडला होता.

या अपयशाची कारणे देताना प्रमाणीकरणाचा अभाव, कुप्यांतील कणांची कमीजास्त संख्या आणि तुलनागटांची ढिलाई यांचा नेहमी उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु याहून मूलभूत अशी एक अडचण होती, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. जंतुभक्षक हे कुलपाच्या किल्लीसारखे औषध आहे. रोग्याच्या अंगातील जंतू वेगळा करावयाचा, संग्रहातील एकेक जंतुभक्षक त्यावर घालून पाहावयाचा, जुळेल तो वाढवावयाचा, शुद्ध करावयाचा, आणि मग रोग्यास द्यावयाचा, हा त्याचा स्वाभाविक क्रम होय. प्लेगचा रोगी आठवड्याच्या आत आणि पटकीचा रोगी कधी कधी एका दिवसात दगावत असे. अशा रोगात किल्ली शोधण्यास अवकाशच नसतो. हाती असेल ती कुपी फोडावयाची आणि दैवावर हवाला ठेवावयाचा, एवढेच उरते. म्हणजे ज्या उपचारास सर्वांत अधिक वेळ लागतो, तो ज्या रोगांत वेळ सर्वांत कमी त्यांवर आजमावला गेला. साथी भयंकर होत्या आणि दुसरे साधन नव्हते, म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. पण तिच्यावरून उपचाराची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही.

यानंतर सर्व जंतूंस एकाच मापाने मारणारी औषधे आली, आणि प्रश्नच मिटल्यासारखा झाला. हाफकिन संस्थेतच साहिब सिंग सोखी व त्यांचे सहकारी यांनी १९४० च्या सुमारास सल्फा औषधे प्लेगवर गुणकारी ठरतात हे दाखविले. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. जंतुभक्षकाची परंपरा टिकली ती मुख्यतः जॉर्जियातील त्बिलिसी येथे एलियाव्हा याने १९२३ साली उभारलेल्या संस्थेत, आणि पुढे पोलंडमधील व्ह्‌रॉत्स्वाफ येथे. एलियाव्हा स्वतः १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत गोळीस बळी पडला. त्याची संस्था मात्र राहिली. तेथील मिश्रणांत नव्याने आढळणाऱ्या जंतूंना अनुसरून वेळोवेळी भर घातली जात असे, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जुने मिश्रण नव्या जंतूंवर हळूहळू निकामी होते.

आता जुनाट संसर्गाचा विचार करू गेल्यास चित्र पालटते. मधुमेह्याच्या पायावरील महिनोन्‌महिने न भरणारी जखम, हाडात मुरलेला पू, वारंवार उलटणारा मूत्रमार्गाचा दाह, कृत्रिम सांध्यावर बसलेला जंतूंचा थर, या विकारांत रोगी आठवडे नव्हे, वर्षे काढतो. येथे जंतू सुटे तरंगत नसतात. ते स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांस बिलगून पटल करून राहतात. या पटलाच्या तळाशी असलेले जंतू मंद गतीने वाढतात, आणि वाढत्या जंतूंवरच प्रभावी ठरणारी औषधे त्यांच्यापुढे बोथट होतात. काही जंतुभक्षकांच्या शेपटीवर हे चिकट द्रव्य तोडणारी विकरे असतात, त्यामुळे ते पटलात वाट काढू शकतात. यातही अडचण नाही असे नाही. निद्रिस्त जंतूत जंतुभक्षकही नीट वाढत नाही. तरीपण येथे जंतू वेगळा करण्यास, त्याची किल्ली शोधण्यास आणि पहिली किल्ली न चालल्यास दुसरी आणण्यास अवसर असतो.

भारतातील या दिशेचे उल्लेखनीय काम बनारस हिंदू विश्वविद्यालयात झाले आहे. गोपाल नाथ व त्यांचे सहकारी यांनी ६ आठवड्यांहून अधिक काळ न भरलेल्या जखमांच्या २० रोग्यांवर, ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनस एरुजिनोसा या तिघांवर चालणारे जंतुभक्षक दिवसाआड लावले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांतात ७ रोग्यांच्या जखमा २१ व्या दिवसापर्यंत पूर्ण भरल्याची नोंद आहे. संख्या लहान आहे आणि तुलनागट नव्हता. म्हणून यास सिद्धता न म्हणता आशादायक निरीक्षण म्हणणेच योग्य.

जंतुभक्षक हा प्रतिजैव औषधांचा पर्याय आहे असे वारंवार म्हटले जाते. उपलब्ध पुराव्यावरून तो पर्यायापेक्षा जोडीदार अधिक वाटतो. येल विद्यापीठातील चॅन व टर्नर यांनी कनेक्टिकटमधील एका तळ्याच्या पाण्यातून एक जंतुभक्षक वेगळा केला. हा जंतुभक्षक स्यूडोमोनसला ज्या प्रथिनाच्या ठायी चिकटतो, तेच प्रथिन औषध बाहेर फेकणाऱ्या जंतूच्या पंपाचा भाग असते. जंतुभक्षकास चुकविण्यासाठी जंतूने हे प्रथिन बदलले की पंप बिघडतो आणि जुने औषध पुन्हा लागू पडू लागते. जंतूची कोंडी दोन्ही बाजूंनी होते, असा हा डाव आहे. बेल्जममधून समन्वय केलेल्या, १२ देशांतील १०० लागोपाठच्या रोग्यांच्या वृत्तांतातही (२०२४) हेच दिसते. त्यांपैकी ७७ टक्के रोग्यांत सुधारणा आणि ६१ टक्क्यांत जंतूंचे उच्चाटन नोंदले गेले. परंतु सोबत प्रतिजैव औषध नसेल तेव्हा उच्चाटनाची शक्यता ७० टक्क्यांनी घटली. हे रोगी इतर उपाय हरल्यावर आलेले होते, आणि येथेही तुलनागट नव्हता.

ज्या चाचण्यांत तुलनागट कसोशीने ठेवला, त्यांचे निकाल मात्र उत्साहावर पाणी टाकणारे आहेत, आणि त्यांकडे डोळेझाक करणे शास्त्रास शोभणारे नाही. फ्रान्स व बेल्जममधील भाजलेल्या रोग्यांवरील फॅगोबर्न या चाचणीत १२ जंतुभक्षकांचे मिश्रण रुपेरी मलमाहून मंद ठरले. नंतर तपासता असे आढळले की, साठवणीत कणांची संख्या इतकी घसरली होती की दर मिलिलिटरमागे १० लक्ष कण मिळावयाचे त्याऐवजी रोग्यांस १०० च्या आतबाहेरच मिळत होते. मॉरिसनच्या कुप्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. त्बिलिसी येथे २०१७-१८ साली झालेल्या चाचणीत मूत्राशयात जंतुभक्षक सोडलेल्या २८ पैकी ५, केवळ निरौषध द्रव सोडलेल्या ३२ पैकी ९, व प्रतिजैव औषध दिलेल्या ३७ पैकी १३ रोग्यांचे मूत्र जंतुरहित झाले. ज्या नगरीत या उपचाराची परंपरा सर्वांत जुनी, तेथेच तयार मिश्रण निव्वळ पाण्यासमान ठरावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. या दोन्ही चाचण्यांत सर्वांस एकच मिश्रण दिले होते. जुळवून दिलेला जंतुभक्षक आणि तयार मिश्रण यांची समोरासमोर, पुरेशा संख्येची तुलना हाच आजचा खरा अनुत्तरित प्रश्न होय.

क्षयरोगाचा उल्लेख मुंबईच्या परिसरात टाळता येत नाही. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे ४ रोगी नोंदविले, तेव्हा त्या वर्णनाच्या नावावरून वाद माजला. रोगाच्या गांभीर्याविषयी वाद नव्हता. क्षयाच्या जंतूच्या आप्तांवर चालणारे जंतुभक्षक पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहात सहस्रावधी आहेत. लंडनमधील फुप्फुस-प्रत्यारोपण झालेल्या एका तरुण मुलीचा मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जंतूचा पसरलेला संसर्ग त्यांतील तीन जंतुभक्षकांनी आटोक्यात आणला (२०१९). त्या तिघांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. पुढे अशाच २० रोग्यांपैकी ११ जणांत अनुकूल परिणाम दिसला. खुद्द क्षयाच्या जंतूवर नळीत चांगले चालणारे जंतुभक्षक २०२१ साली निवडले गेले आहेत. परंतु क्षयाचे जंतू रोग्याच्या रक्षक पेशींच्या पोटात आणि फुप्फुसाच्या पोकळ्यांत दडून बसतात, तेथवर हे कण पोहोचतील काय, हे नळीतील प्रयोगावरून सांगता येत नाही.

उरणसारख्या ठिकाणी या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास जंतुभक्षक मिळविणे मुळीच अवघड नाही. नमुना मिठागरातून न घेता वस्तीच्या नाल्याच्या मुखाशी घ्यावा, कारण मिठागरातील जंतुभक्षक क्षारप्रिय जंतूंचे असावयाचे, जखमेतील जंतूंचे नव्हे. गाळ खाली बसवून पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे, त्यात इच्छित जंतूचे ताजे संवर्धन व पोषक द्रव घालून रात्रभर ठेवावे, पुन्हा गाळून मऊ आगराच्या थरावर ओतावे. दुसऱ्या दिवशी ठिपके दिसू शकतात. एकाच ठिपक्यापासून तीनदा वाढवून घेतल्यावर वाण शुद्ध झाला असे मानतात. खरी वाण आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या जंतूवर तो जंतुभक्षक घालावयाचा, ते रोग्यांच्या जखमांतून वेगळे केलेले, औषधरोधाच्या नोंदीसह उणे ८० अंशांवर जपलेले जंतू हाताशी हवेत. असा संग्रह रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्या नित्य सहकार्याशिवाय होत नाही. त्यापुढे धाग्याचे संपूर्ण वाचन, सुप्त प्रकारांची गाळणी, आणि फुटलेल्या जंतूंच्या भित्तिकेतील ज्वरकारक विष काढून टाकणे, ही कामे उरतात. शेवटचे काम वरवर किरकोळ वाटते. परंतु शिरेतून देण्याच्या औषधात तेच सर्वाधिक वेळ खाते, आणि १९२६ साली द हेरेलने परळला नेलेल्या कुप्यांत ते झालेले नव्हते.